४२९४९६७२९७ : या संख्येचे अवयव हाताने काढायचे तर कमीत कमी किती भागाकार लागतील?

शेषशून्य
गेले दहा दिवस एकच संख्या वहीत घेऊन बसले आहे. ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. नुसती पाहिली तर काही विशेष वाटत नाही, पण २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की हीच येते.

फर्मा या गणितज्ञाच्या मालिकेतली ही सहावी. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा असा दर वेळी दुप्पट घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा, अशी ही मालिका. आधीच्या पाच ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. त्या पाचही मूळ संख्या आहेत. १६४० साली फर्माने लिहिलं की ही मालिका कितीही पुढे नेली तरी मूळ संख्याच मिळत राहतील. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की सहावीलाच ६४१ ने भाग जातो. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

माझा प्रश्न इतिहासाचा नाही. उत्तर माहीत नाही असं धरा, हातात फक्त कागद आणि पेन. या संख्येचे सगळे अवयव काढायचे आणि ते मूळ आहेत याची खात्रीही करायची. तर कमीत कमी किती भागाकार?

सरळ मार्गाचा हिशोब मी केला आहे. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, म्हणजे २, ३, ५ असं क्रमाने गेलं तर ११६ व्या भागाकाराला यश. पण मग ६७००४१७ उरते आणि तीही तपासायला हवी. तिचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे, तिथपर्यंत ३७६ मूळ संख्या. ६४१ च्या आधीच्या पुन्हा तपासायला नकोत, तरी एकूण पावणेचारशेच्या वर भागाकार होतात. इतके लागू नयेत असं आतून वाटतंय. मदत करा.

पाटीपेन्सिल
शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. एक आड एक अंकांच्या बेरजा ३७ आणि २२ निघाली... थांबा, पुन्हा करतो.

पाटीपेन्सिल
उजवीकडून एक आड एक: ७+२+६+४+२ = २१ आणि ९+७+९+९+४ = ३८. फरक १७, म्हणून ११ पण बाद. चार भागाकार वाचवले, माझा खारीचा वाटा जमा करा :)

मोजपट्टी
प्रश्न समजला, पण त्यामागची ओढ नाही समजली. संगणकाला हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत जमतं. दहा अंकी संख्येचे अवयव हाताने काढून नवीन काय कळणार?

शेषशून्य
@मोजपट्टी, अवयव कोणते ते मला कळलेलंच आहे. ६४१ पर्यंत *कसं* पोचायचं ते कळून घ्यायचंय. संगणक सगळ्या दारांवर टकटक करतो. ऑयलरने तसं केलं नसणार.

घातांकी
नाहीच केलं. १७३२ च्या टिपणात त्याने रीत दिली नव्हती, ती पुढे सांगितली. सुंदर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा प ही मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला निःशेष भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजेच प−१) उरते. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २, ४, ८, १६ असे घात चढवत प्रत्येकाला प ने भागत गेलो, तर बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येईल? तो घात ६४ चा विभाजक असणार. पण ३२ किंवा ३२ चा विभाजक असूच शकत नाही, कारण तसं असतं तर ३२ ला सुद्धा १ आली असती, आणि तिथे तर −१ आहे. म्हणून तो घात बरोबर ६४.

आता फर्माचं छोटं प्रमेय. २ चा (प−१) वा घात प ने भागला की बाकी १ येतेच. बाकी १ दर ६४ पायऱ्यांनीच येते, म्हणून प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. प = ६४क + १.

बस. आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यात मूळ कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला अवयव हातात!

आजीची_वही
११६ वरून ५! हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

उंबरठा
घातांकींच्या यादीतून २५७ पण काढता येईल. फर्माच्या मालिकेत एक गंमत आहे, आधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला आणि २ मिळवले की पुढची मिळते.
३ + २ = ५
३ × ५ + २ = १७
३ × ५ × १७ + २ = २५७
३ × ५ × १७ × २५७ + २ = ६५५३७
३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ + २ = ४२९४९६७२९७

म्हणजे आपल्या संख्येला आधीच्या पाचपैकी कोणीही भागलं तरी बाकी २ च. भागाकार न करताच २५७ बाद. आणि ही गंमत पुढेही चालूच राहते. मालिकेतल्या कोणत्याही दोन संख्यांना सामाईक अवयव नाही, प्रत्येक संख्या निदान एक तरी नवीन मूळ अवयव घेऊन येते, मालिका संपत नाही, म्हणून मूळ संख्याही संपत नाहीत. गोल्डबाखने हे ऑयलरला पत्रातून कळवलं होतं. फर्माचं म्हणणं तपासून पाहा असं ऑयलरला सुचवणाराही गोल्डबाखच, १७२९ च्या डिसेंबरात.

रिकामा_चौकोन
मी उत्साहाने प्रोग्रॅम लिहिला. २ ला ३२ वेळा गुणायचं, १ मिळवायचा आणि अवयव शोधायचे. पडद्यावर संख्या म्हणून आली फक्त "१". तासभर चूक सापडेना.

घातांकी
३२ बिटांचा पूर्णांक घेतला असणार. त्यात सगळ्यात मोठी मावणारी संख्या ४२९४९६७२९५. त्यात एक मिळवला की शून्य, आणखी एक मिळवला की १. आपली संख्या त्या भांड्यातून काठोकाठ दोनने सांडते. द्विमान पद्धतीत ती ३३ अंकी आहे: १, मग ३१ शून्यं, मग १.

रिकामा_चौकोन
तेच होतं. ६४ बिट केल्यावर लगेच ६४१ आलं. आभार.

तळघर
मला राग येतो तो फर्माचा. ६४१ काय फार मोठी संख्या आहे? एक दिवस बसून भागाकार केले असते तर सापडली असती. मालिकेतल्या पाच संख्या पाहून "सगळ्या" म्हणायचं, याला गणित म्हणत नाहीत.

उंबरठा
@तळघर, थोडं कडक होतंय. पास्कालला १६५४ मध्ये लिहिलेल्या पत्रात फर्मा स्वतःच म्हणतो की हे खरं आहे याची मला खात्री आहे, पण पूर्ण सिद्धता अजून सापडलेली नाही. अंदाजाला अंदाज म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्यात आहे.

तळघर
खात्री कशाच्या जोरावर? त्याच १६४० साली त्याने २^३७ − १ चा अवयव शोधला होता. १३७४३८९५३४७१ = २२३ × ६१६३१८१७७. आपल्या संख्येच्या बत्तीस पट मोठी संख्या! आणि ती कशी फोडली? २^३७ − १ चा मूळ अवयव ३७ च्या पटीत एक मिळवून मिळतो, या युक्तीने. २२३ = ३७ × ६ + १. म्हणजे घातांकींनी वर दिलेली किल्ली त्याच्या खिशात होती. तीच इथे लावली असती तर १९३, ४४९, ५७७, ६४१ एवढंच काम होतं.

उंबरठा
हा मुद्दा बिनतोड आहे. मी त्यावर बराच विचार केला आहे आणि मला एकच शक्यता दिसते. त्याने भागाकार केले असतील आणि कुठेतरी हातचा चुकला असेल. एकदा "नाही" लिहिलं की माणूस ते पान परत उघडत नाही.

घातांकी
याला जोडून एक गोष्ट. आज आपण मूळ असण्याची सोपी चाचणी म्हणून छोटं प्रमेय वापरतो: २ चा (न−१) वा घात न ने भागला, बाकी १ आली नाही तर न संयुक्त. ही चाचणी आपल्या संख्येवर लावा. २^६४ ची बाकी १ आहेच, आणि ४२९४९६७२९६ ही ६४ च्या पटीत आहे. म्हणून बाकी १ येणारच. संख्या संयुक्त असूनही चाचणीत उत्तीर्ण! फर्माच्या मालिकेतली प्रत्येक संख्या २ च्या चाचणीत अशीच सुटते, मूळ असो वा नसो. फर्माने अशी चाचणी केली होती असं मी म्हणत नाही, पण केली असती तर तिनेही त्याची दिशाभूल केली असती.

२ ऐवजी ३ घेतलं की लबाडी उघडी पडते. ३ चा ४२९४९६७२९६ वा घात, म्हणजे ३२ वेळा वर्ग. बाकी १ यायला हवी होती, येते ३०२९०२६१६०.

मावळतीचा_तारा
३ वरून पेपँची कसोटी आठवली, १८७७ ची. ती फक्त फर्माच्या संख्यांसाठी आहे आणि दोन्ही बाजूंनी निकाल देते. आपल्या संख्येसाठी ३ चा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग असं करत जायचं; ३१ व्या वर्गाला बाकी −१ आली तर नक्की मूळ, नाही आली तर नक्की संयुक्त. इथे बाकी येते १०३२४३०३, म्हणून संयुक्त. ६४१ चं नावही न घेता निकाल लागतो.

याच वाटेने माणसाने केवढी मजल मारलीय पाहा. २^१६७७७२१६ + १ ही ५० लाखांहून जास्त अंकांची संख्या १९९९ मध्ये संयुक्त ठरली. तिचा एकही अवयव कोणाच्या हाती लागलेला नाही. फुटते हे नक्की, कुठे फुटते ते माहीत नाही.

मोजपट्टी
हे मात्र मला नवीन आहे. अवयव न सापडता संयुक्त असल्याची खात्री! माझा वरचा प्रश्न मागे घेतो आणि धाग्यात मुक्काम ठोकतो.

आजीची_वही
अवांतर: झेरा कोलबर्न नावाचा आठ वर्षांचा मुलगा १८१२ मध्ये लंडनमध्ये तोंडी हिशोबांचे प्रयोग करायचा. हीच संख्या त्याला विचारली होती आणि त्याने ६४१ × ६७००४१७ असं उत्तर दिलं, अशी नोंद आहे. कसं काढलं ते त्याला सांगता येत नसे.

चौरसप्रेमी
इतका वेळ कोणी वर्गांचं नाव काढलं नाही म्हणून आलो. संख्या वर्गांच्या बेरजेत लिहिलेली तर आहेच: ६५५३६² + १². ४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे लिहिता येते. दुसरा प्रकार सापडला की संख्या मूळ नाही, हेही ऑयलरचंच. तर हा घ्या दुसरा प्रकार:

६२२६४² + २०४४९²

३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७. करून पाहा. त्यात २०४४९ स्वतःच १४३ चा वर्ग आहे!

हे आलं कुठून? ६४१ = २५² + ४². ६७००४१७ = २५५६² + ४०९². आता तिरके गुणाकार करा. २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६. बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. आणि २५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४. वजाबाकी १, बेरीज २०४४९. दोन्ही प्रकार एकाच गुणाकाराच्या पोटातून निघतात. ब्रह्मगुप्ताला सातव्या शतकात ठाऊक असलेलं हे सूत्र. १०२२५ आणि १०२२४ हे शेजारी-शेजारी पडल्यामुळेच तो "+ १" तयार होतो. मला ही जागा दर वेळी तितकीच आवडते.

पाटीपेन्सिल
१०२२५ − १०२२४ = १. दोनदा पडताळलं. काय सुंदर आहे हे!

तळघर
६४१ च्या बाबतीत याहूनही छोटी पडताळणी आहे. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५⁴ + २⁴. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, चौथा घात केला की ५⁴ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी −२⁴ टाका. −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी ०. एकही मोठा भागाकार नाही.

शेषशून्य
सुरेख आहे, पण ६४१ आधी माहीत असेल तरच चालते ना? ही पडताळणी झाली, शोध नाही. माझ्या मोजणीत धरणार नाही :)

काटकोनी
भूमितीवाले आहेत का इथे? गाउसने १७९६ मध्ये कंपास आणि पट्टीने १७ बाजूंचा सम बहुभुज काढता येतो हे दाखवलं. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा-मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी. माहीत असलेल्या पाचच आहेत, त्यांचे ३१ गुणाकार होतात, आणि त्यातला सर्वात मोठा ४२९४९६७२९५. आपल्या संख्येपेक्षा दोनने कमी.

आता पास्कालचा त्रिकोण घ्या, सम संख्येच्या जागी ०, विषमच्या जागी १. प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... सुरुवातीचा १ सोडला तर ३२ व्या ओळीपर्यंत बरोबर त्याच ३१ संख्या क्रमाने येतात. ३३ वी ओळ काय येते माहीत आहे? ४२९४९६७२९७. ती मूळ असती तर हा मेळ पुढेही चालला असता. नेमका इथेच तुटतो.

रिकामा_चौकोन
आत्ता प्रोग्रॅमने ३३ ओळी काढून पाहिल्या. खरंच तुटतो. शेवटची ओळ पाहून अंगावर काटा आला.

घातांकी
मूळ प्रश्नाकडे येऊ. चारवर आलो आहोत: १९३, ४४९, ५७७, ६४१. ल्युकाने १८७८ मध्ये यादी आणखी निम्मी केली. अवयव ६४क + १ नव्हे, १२८क + १ असायला हवा. सिद्धता इथे हातानेच करता येईल.

१६७७६९६० ही संख्या घ्या, म्हणजे २^२४ − २^८. तिचा वर्ग २^४८ − २^३३ + २^१६. हाच वर्ग असा मांडा: २^१६ × (२^३२ + १) − २ × (२^३२ + १) + २. पहिले दोन तुकडे आपल्या संख्येच्या पटीत, म्हणून बाकी उरली २. म्हणजे १६७७६९६० ही जणू २ चं वर्गमूळ! मग २ च्या घातांना बाकी १ येण्यासाठी ६४ पायऱ्या लागत असतील, तर तिच्या घातांना १२८ लागणार. म्हणून १२८ ने प−१ ला भाग जातो.

शेषशून्य
थांबा, थांबा. मग यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. १२९ ला ३ ने भाग जातो, ३८५ ला ५ ने, ५१३ ला ३ ने. २५७ उंबरठा यांनी भागाकाराविना बाद केली. म्हणजे पहिलाच भागाकार ६४१ चा??

उंबरठा
पहिलाच!

घातांकी
आणि ६७००४१७ चे मूळ अवयवही आपल्या संख्येचेच अवयव, म्हणून तेही १२८क + १ च्याच यादीतले. २५८८ पर्यंतच जायचं आहे.

शेषशून्य
रात्री बसून केलं. ६४१ नंतरची यादी: ७६९, ८९७, १०२५, ११५३, १२८१, १४०९, १५३७, १६६५, १७९३, १९२१, २०४९, २१७७, २३०५, २४३३, २५६१. ८९७ ला ३, १२८१ ला ७, १५३७ ला २९, १७९३ ला ११, १९२१ ला १७, २०४९ ला ३, २१७७ ला ७, २४३३ ला ३, २५६१ ला १३ ने भाग जातो. ५ वर संपणाऱ्या तीन तशाच गेल्या. उरल्या फक्त ७६९, ११५३ आणि १४०९. ६४१ पुन्हा एकदा, कारण तो दोनदाही असू शकला असता.

६७००४१७ ला भागून बाक्या:
६४१ ने ४४
७६९ ने १२०
११५३ ने ३३४
१४०९ ने ६२२

एकही शून्य नाही. म्हणून ६७००४१७ मूळ. पहिला एक आणि हे चार, एकूण पाच भागाकार. पावणेचारशेऐवजी पाच, आणि सगळं एका पानावर मावलं.

पाटीपेन्सिल
चारही बाक्या तपासल्या, बरोबर आहेत. अभिनंदन!

चौरसप्रेमी
त्या यादीतली १४०९ लक्षात ठेवा. १०^१६ + १, म्हणजे दशमानात १, पंधरा शून्यं, १. तिचे अवयव ३५३ × ४४९ × ६४१ × १४०९ × ६९८५७. द्विमानातल्या "१…१" ला भागणारी ६४१ दशमानातल्या "१…१" लाही भागते. त्यामुळे १/६४१ चा आवर्ती दशांश ३२ अंकी येतो आणि त्याचे दुसरे सोळा अंक पहिल्या सोळांना ९ पर्यंत पूर्ण करतात.

मावळतीचा_तारा
मालिकेतली पुढची संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७. लँड्रीने १८८० मध्ये फोडली, वयाच्या ८२ व्या वर्षी. २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. इथे यादी २५६क + १ ची, आणि २७४१७७ येते क = १०७१ ला.

शेषशून्य
१०७१ ओळींची यादी. त्यातल्या ३, ५, ७ च्या पटी आधी खोडल्या तर निम्म्याहून कमी उरतील. नवीन वही काढली आहे, उद्यापासून रोज पन्नास ओळी. बाक्या इथेच टाकत जाईन, पाटीपेन्सिल, तपासणार ना?

पाटीपेन्सिल
रोज.